बाकड्यावरच्या सरोजाक्का

पोलीस ठाण्यात सरोजाक्का कधी टेबलापलीकडच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. दारातून आत गेलं की डाव्या हाताला एक लोखंडी बाकडं होतं, तक्रार द्यायला येणाऱ्यांसाठी. त्या तिथंच बसायच्या. एखादी बाई आली की टोपी काढून मांडीवर उलटी ठेवायच्या, स्टीलच्या पेल्यातलं पाणी पुढं करायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प पाणी घे. मग सांग. मला घाई नाही, तूही करू नको." हेड कॉन्स्टेबल असून बाकड्यावर बसतात म्हणून बाकीचे पोलीस हसायचे. त्या म्हणायच्या, "खुर्चीवरून मला नीट ऐकू येत नाही, काय करू?"

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कारखान्यात. मी बेंगळूरजवळ बोम्मसंद्राला पॅकिंगच्या कामावर जाते आणि आनेकलला राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे गडहिंग्लजकडून इकडे आलो, त्याला नऊ वर्षं झाली. एकदा जेवणाच्या सुट्टीत पोलीस आले. साहेबांनी बायकांच्या सुरक्षेवर भाषण केलं, मदतीचा नंबर सांगितला, सगळ्यांबरोबर फोटो काढला आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये चहाला गेले. सरोजाक्का गेल्या नाहीत. आम्ही जमिनीवर डबे उघडून बसलो होतो, तिथं येऊन मांडी घालून बसल्या. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी बघून मराठीत म्हणाल्या, "अय्यो, ही तर आमच्या आज्जीची चटणी." त्यांचं बोलणं मला वेगळंच वाटलं, मी खाली बघून हसले. "हस. आमची मराठी किती पिढ्या बेंगळूरच्या उन्हात वाळली आहे. कुरकुरीत झाली आहे." उठताना एवढंच म्हणाल्या, "रविवारी सकाळी मी ठाण्यात असते. बाकड्यावर."

मला अनोळखी माणसाशी बोलवत नाही. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. तरी पुढं मी त्या बाकड्यावर गेले. का गेले ते लिहायला हवं.

कंपनीची गाडी आम्हा बायकांना आनेकलहून न्यायची. मागं अकरा जागा आणि पुढं ड्रायव्हरच्या शेजारी एक. पुढं बसलेल्या बाईच्या मांडीवर गिअर टाकताना ड्रायव्हरचा हात पडायचा, आणि गिअर पडला तरी तिथंच राहायचा. आधी प्रत्येकीला वाटायचं, हे फक्त आपल्याच वाट्याला आलं. मग एकमेकींच्या तोंडावरून कळलं. कळल्यावर आम्ही काय केलं, तर पाळ्या लावल्या. आज ही, उद्या ती. एकीवरच अन्याय नको म्हणून. एखादीनं दांडी मारली, तर तिनं दुसऱ्या दिवशी बसून ती भरून काढायची. कारण कुणी बोलायचं नाही. "आज पुढं कोण?" एवढंच विचारायचं.

मग भाग्या कामाला लागली. अठरा वर्षांची पोर. जुन्या बायकांपैकी एक म्हणाली, "नवी आहे, पहिला आठवडा तीच बसू दे." कुणी काही म्हटलं नाही. मीही मान हलवली. तिसऱ्या दिवशी गाडीतून उतरून भाग्या कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रडत नव्हती. नुसती उभी होती. घंटा झाली तरी हलली नाही. मी हाताला धरून आत नेली तेव्हा तिचा हात गार होता.

त्या रविवारी बाजाराची पिशवी घेऊन मी घरातून निघाले आणि ठाण्यात गेले.

सरोजाक्कांनी टोपी उलटी ठेवली, पाणी दिलं. मी पेला रिकामा केला.  मग मी सांगितलं. पाळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे त्या माणसाला तुम्ही आपसांत वाटून घेतलात." आवाजात राग नव्हता. पण इतकी लाज मला ड्रायव्हरचा हात पडल्यावरही वाटली नव्हती.

"आता काय होईल?" मी विचारलं.

"ते मी सांगणार नाही. होईल असं सांगितलं आणि झालं नाही, तर तू पुन्हा या दारात यायची नाहीस. तू सांगशील ते कागदावर येईल, एवढं माझ्याकडे."

तक्रार लिहायचं काम दुसऱ्या पोलिसाकडे होतं. त्यानं माझ्याकडून दोन-चार गोष्टी विचारून घेतल्या, कन्नडमध्ये भराभर कागद भरला आणि पेन पुढं केलं. मला कन्नड थोडं बोलता येतं, वाचता येत नाही. मी पेन घेतलं. पोलिसांपुढं काय विचारणार? सरोजाक्कांनी कागदावर हात ठेवला. "स्वल्प थांब," म्हणाल्या, आणि एकेक ओळ मराठीत मला वाचून दाखवली. त्यात लिहिलं होतं, गाडीतल्या गर्दीमुळे धक्का लागला.

"हे तुझंच ना?" त्यांनी विचारलं.

 मी मान हलवली. नाही.

"मानेनं नको. तोंडानं सांग."

"नाही," मी म्हटलं.

त्या लिहिणाऱ्याला म्हणाल्या, "अण्णा, हे हिचं नाही. हिचं लिहा."

"अक्का, कंपनीच्या मॅनेजरचा साहेबांना नेहमी फोन असतो. तुमची निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. कशाला?"

"दोनच राहिली आहेत, म्हणून तर."

कागद तीनदा लिहिला गेला. दुसऱ्या वेळी 'हात' आला, पण 'चुकून' राहिलं होतं. तेही त्यांनी काढायला लावलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर पुन्हा विचारलं, "हे तुझंच ना?" मी "माझंच" म्हटलं आणि चौथीत शिकले होते तशी, रेघ ओढून पूर्ण नावाची सही केली.

पुढच्या आठवड्यात भाग्या आणि आणखी दोघींनी जबाब दिले. ड्रायव्हरला धरलं. नंतर तो जामिनावर सुटला. खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. कंपनीनं दोन महिने गाडीच बंद ठेवली. आम्ही बसनं धक्के खात जायचो आणि बायका मला ऐकवायच्या, "चला आता उभ्यानं. हिला न्याय पाहिजे होता ना." घरीही बोलणी खाल्ली. नवरा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, "मला आधी का नाही सांगितलंस?" 

त्या दोन महिन्यांत सरोजाक्का बसमध्ये भेटायच्या. त्याही आनेकलच्याच. एकदा मी विचारलं, "अक्का, तुम्ही प्रत्येकीला असं वाचून दाखवता?"

खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या यशवंतपूरकडे होत्या. बाजारात काम करणारी एक बाई नवऱ्याचा मार खाऊन ठाण्यात आली होती. तडजोडीचा कागद तयार झाला. साहेब म्हणाले, सही घे. "तिनं विचारलं, यात काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, तू आलीस त्याची नोंद. तिनं माझ्याकडे बघून सही केली. कागदाकडे नाही, माझ्याकडे बघून. त्यात लिहिलं होतं, माझी काही तक्रार नाही." मग म्हणाल्या, "तीन महिन्यांनी तिच्या नावाचा दुसरा कागद आला. त्यावर सही करायला ती नव्हती. मी खोटं काही लिहिलं नव्हतं, शालन. नुसतं वाचलं नव्हतं."

त्यानंतर मी त्यांना ते कधी विचारलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्या वर्षभरच बऱ्या होत्या. मग पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशनच्या सकाळी मी हॉस्पिटलात होते, त्यांचा पुतण्याही होता. नर्सनं चार पानी इंग्रजी कागद आणला आणि खालच्या रेघेवर बोट ठेवलं. अक्का दमल्या होत्या. त्यांनी पेन घेतलं.

मी कागदावर हात ठेवला. मी म्हटलं, "ओदी हेळी, सिस्टर." वाचून सांगा.

"चार पानं आहेत. सगळेच सही करतात."

"मी थांबते," मी म्हटलं.

पुतण्यानं माझ्याकडे रागानं बघितलं. नर्सनं उभ्या उभ्या, नाखुशीनं, कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली. मग खुर्ची ओढून बसली. शेवटच्या पानावर होतं की पेशंट शुद्धीवर न येण्याचीही शक्यता आहे.  अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मी वाकून विचारलं, "अक्का, हे तुमचंच ना?"

त्यांनी डोळे उघडले. "कुठं शिकलीस गं हे?" म्हणाल्या. मग, "सरी, ठीक. माझंच." आणि सही केली.

ऑपरेशननंतर त्या अकरा दिवस होत्या. पुतण्या नंतर मला म्हणाला, "जाताना माणसाला असलं ऐकवायला नको होतं." कदाचित त्याचं खरं असेल. 

आमची गाडी पुन्हा सुरू झाली त्यालाही तीनेक वर्षं झाली होती. ड्रायव्हर नवा आहे, वयस्कर, कुणाकडे मान वळवून बघत नाही. तरी पुढची सीट रिकामीच जायची. मागं तिघींच्या जागेत चौघी दाटीनं बसायच्या, पण पुढं कुणी जायची नाही. मीही नाही.

अक्कांना पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी आली. मी पुढचं दार उघडून आत बसले, पिशवी मांडीवर घेतली.  मागून भाग्यानं विचारलं, "अक्का, तिथं का बसलात?"

"जागा आहे म्हणून," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.