मलमलीचा कोपरा आधी भिजवा

मैत्रिणींनो, कॉन्व्हेंटच्या शाळेत शिवणाच्या तासाला आपण मलमलीचा कोपरा वाटीतल्या पाण्यात बुडवून चोळायचो, आठवतंय? बोटांना पांढरं चिकट लागलं की सिस्टर म्हणायच्या, "खळीचं कापड. परत करा."

गेल्या आठवड्यात राजारामपुरीतल्या एका दुकानात मी तसाच कोपरा ओला करायला गेले. दुकानदार सगळ्यांदेखत ओरडला, "मावशी, कापड घ्यायला आलायसा का धुणं धुवायला?" गिऱ्हाइकं हसली. मी ओशाळले आणि न तपासताच मलमल घेऊन आले.

आई गेल्यावर तिच्या तीन सुती साड्या उरल्या. त्यांच्या गोधड्या करायच्या होत्या. पहिल्या गोधडीला खालून ही मलमल लावली आणि आज ती धुतली. खळ निघून गेली, मलमल आटली आणि तिच्या ओढीनं आईची हिरवी साडी टाक्याटाक्याला फाटली.

तशीच ओली गोधडी घेऊन मी दुकानात गेले. तो म्हणाला, "गोधडीच्या खालच्या अंगाला कोण बघतंय वो?"

निर्लज्ज माणूस! आणि अशा माणसापुढे मी लाजले, याचा जास्त संताप येतोय. तुम्हीही दुकानात अशाच गप्प बसता का गं?

आता नवी मलमल भिजवून, चोळूनच घेणार. निळ्या साडीची गोधडी धाकट्या बहिणीला, अंजिरी साडीची वहिनीला. फाटलेली हिरवी माझ्याकडेच राहील. उरलेली मलमल उद्या दुकानदाराला नेऊन देणार आहे. काउंटर पुसायला तरी ती टिकते का, बघू दे त्याला.