जाळीवरचा हात

चूक माझी होती. ती मी इनासच्या हातावर ढकलली आणि बारा-तेरा वर्षं तिथेच राहू दिली. हे आधीच सांगून टाकतो, कारण इनासबद्दल काहीही चांगलं लिहायला घेतलं की हे वाक्य आडवं येतं. महिना झाला त्याला जाऊन. त्या सकाळी मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नुकता पोहोचलो होतो, तेव्हा त्याच्या बायकोचा, मार्थावहिनींचा फोन आला. "दिलीपभाऊ, हे गेले," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या लोकांना तुम्हीच कळवाल का? माझ्याकडे कुणाचे नंबर नाहीत." मी एकेकाला फोन लावत गेलो. पेटी वाजवणारे आमचे सावंत आता विरारला मुलाकडे असतात. बातमी ऐकून ते हळहळले आणि म्हणाले, "अरेरे... फार गोड गळा रे. फक्त बिचाऱ्याला माइक धरता यायचा नाही." तबलजी तर नावावरून ओळखेचना. मग म्हणाला, "हां हां, तो भुईगावचा. माइकची जाळी दाबून धरायचा तो!" माणूस गेला, त्याला मातीत ठेवायचं होतं अजून, आणि मागे उरलं होतं ते हे. हे त्यांच्या तोंडी घातलं कुणी? मी.

इनास आमच्याच कारखान्यात, मशीनवर. घर भुईगावला, केळीच्या वाडीत, समुद्र जवळ. पहाटे उठून वाडीला पाणी लावायचा आणि सायकल मारत पाळीला यायचा. मी मूळचा रत्नागिरीकडचा, तुळिंजला चाळवजा इमारतीत भाड्याने राहणारा. तो मला "कोकण्या" म्हणायचा आणि घरच्या कादोडी बोलीत माझ्याबद्दल काहीतरी बोलून आईला हसवायचा. काय म्हणालास विचारलं तर म्हणे, "तुझी स्तुती केली. भाषांतर होत नाही तिचं." जेवणाच्या सुट्टीत तो शेडमागे बसून गायचा. खालच्या पट्टीतला आवाज, अगदी जवळ बसलेल्याशी बोलावं तसा. गावच्या चर्चमध्ये तो गायकवृंदात होता, पण त्याला खरी ओढ होती मराठी भावगीतांची. त्या आवाजावरच आमचा चार-पाच जणांचा ऑर्केस्ट्रा उभा राहिला. सोसायट्यांचे गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं, कधी एखादं लग्न. मला ना गाता येत होतं ना वाजवता. पण बाजूला राहायचंही नव्हतं, म्हणून मी आवाजाची बाजू घेतली. मिक्सर, स्पीकर, वायरी. पुस्तकं चाळून, इकडेतिकडे विचारून थोडं शिकलो आणि जेवढं शिकलो त्याच्या दुप्पट ऐटीत वागू लागलो.

इनासचे वडील या सगळ्याच्या विरोधात होते. ते स्वतः तरुणपणी चर्चमध्ये गायलेले. "देवासमोर गातोस तेवढं पुरे. टाळ्यांसाठी गायचं म्हणजे गळा बाजारात मांडणं," असं त्यांचं म्हणणं. इनास त्यांच्याशी वाद घालत नसे. पण त्यांनी एकदा, फक्त एकदा समोर बसून ऐकावं, ही इच्छा त्याने माझ्याजवळ कितीतरी वेळा बोलून दाखवली होती. एक दिवस वडील हो म्हणाले. तुळिंजच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आमचा कार्यक्रम ठरला होता, त्याला ते येणार होते. इनास मशीनवरून उठून स्टोअरमध्ये आला, माझा दंड धरला आणि म्हणाला, "दिलीप, या वेळी भाड्याचा डबडा माइक नको. बाबांना शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे."

म्हणून आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो. डायनॅमिक माइक घ्यायचा हे नक्की होतं. त्याला वेगळी वीज लागत नाही, दणके सोसतो, आणि तोंडाशी धरून गाणाऱ्याचा आवाज घेतो, आजूबाजूचा गलका फारसा ओढत नाही. दुकानदाराने काउंटरवर तीन मांडले. इनासने पहिला उचलला. गोल डोक्याचा, दिसायला साधा. ओठाजवळ धरून तो दोन ओळी गायला आणि दुकानातल्या छोट्या स्पीकरमधूनसुद्धा तो खालचा सूर भरून आला. दुसरा त्याने लगेच ठेवून दिला. तिसरा मला आवडला होता. काळा, निमुळता, आवाज टोकदार. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "ये सिर्फ सामने का सुनता है साब. बाजूवाला कुछ नहीं." मला तेवढं पुरलं.

इनास म्हणाला, "यात माझा आवाज दातांतून आल्यासारखा येतो. पहिला घे. त्यात मी मी वाटतो."

"अरे, पण त्यात तबला घुसेल."

"घुसू दे की. घरातलाच आहे."

दुकानदार हसला. मला ते हसू झोंबलं. मी म्हणालो, "तू गा. माइकमधलं मला कळतं." इनासने पहिला माइक पुन्हा एकदा हातात घेतला आणि हळूच काउंटरवर ठेवला. आम्ही तिसरा घेऊन आलो. तालमी माझ्या घरी झाल्या, पलंगाला टेकून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज बारीक ठेवून. सगळं ठीक वाटलं.

रविवारी हॉल भरला. इनासचे वडील दुसऱ्या रांगेत, पांढरा सदरा, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजवर त्याच्यासमोर एक स्पीकर ठेवतात, त्याला मॉनिटर म्हणतात. तो मी नेहमीप्रमाणे इनासच्या पायांपुढे, अगदी सरळ रेषेत ठेवला. इनासने पहिली ओळ घेतली आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजली. लोकांनी कानांवर हात ठेवले. मी आवाज कमी केला. इनास पुन्हा सुरू झाला, मागच्या रांगांतून "ऐकू येत नाही!" असं लोक ओरडले, मी आवाज वाढवला... पुन्हा शिट्टी. इनास गोंधळून माझ्याकडे बघत होता. घाबरला की त्याची पकड सरकायची. त्याचा अंगठा माइकच्या जाळीला टेकलेला मला दिसला. जाळी झाकली की माइक शिट्टी मारतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. तिसऱ्यांदा शिट्टी वाजली तेव्हा घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता. सगळा हॉल मान वळवून माझ्या मिक्सरकडे बघत होता. मी समोरचा निवेदनाचा माइक उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "इनास, जाळीवरचा हात काढ! किती वेळा सांगायचं तुला?"

हॉल हसला. आता माना स्टेजकडे वळल्या आणि मला सुटल्यासारखं झालं. ती सुटका मला अजून आठवते, तिचीच लाज सगळ्यात जास्त वाटते. कारण "किती वेळा" वगैरे काही नव्हतं. मी त्याला त्याआधी एकदाही सांगितलं नव्हतं. इनासने आपल्या हाताकडे पाहिलं. मग दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. माइक खाली ठेवला आणि उरलेलं गाणं माइकशिवाय गायला. पुढच्या चार रांगांपलीकडे ते पोहोचलं नाही. त्याच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली, पण गाणं संपेपर्यंत उठले नाहीत.

इनास आमच्यासोबत पुन्हा गायला नाही. मी मनधरणी केली, पण कशी? "जमेल रे तुला, मी शिकवतो माइक धरायला," अशी. आम्ही दुसरा गायक घेतला. त्याला मॉनिटर एका बाजूला, कानाजवळ हवा असायचा, म्हणून तो तिकडे सरकवला. शिट्टी पुन्हा कधी झाली नाही. सगळे म्हणाले, बघा, हातातच दोष होता. मीही म्हणालो.

दिवाळीनंतर एका दुपारी हॉलमध्ये मी एकटाच सामान लावत होतो. मॉनिटर सुरू होता, तोच काळा माइक हातात होता, आणि वायर सोडवताना माइकचं शेपूट, म्हणजे वायर जोडायचं टोक, मॉनिटरकडे झालं. शिट्टी. जाळीला माझं बोटही लागलेलं नव्हतं. मी माइक थोडा तिरका केला, शिट्टी गेली. शेपूट पुन्हा मॉनिटरकडे केलं, शिट्टी आली. तसं मी किती वेळ करत राहिलो कोण जाणे. त्या जातीचा माइक बाजूचं ऐकत नाही हे खरं, पण पाठीमागून थोडंसं ऐकतो. त्याच्या बरोब्बर पाठीमागे मॉनिटर ठेवायचाच नसतो. तिरका, बाजूला ठेवायचा. इनासला आवडलेला साधा माइक मात्र पाठीमागचं जवळजवळ ऐकतच नाही. तो घेतला असता तर माझ्या त्याच मांडणीत इनास सगळा कार्यक्रम गायला असता. मी माइक बंद केला आणि हॉलचं दार आतून बंद आहे ना, ते बघून आलो. कुणी पाहिलं तर नाही... एवढीच भीती होती त्या क्षणी.

सांगायला भुईगाव काही दूर नव्हतं. मी गेलोही, दर नाताळला, न चुकता. मार्थावहिनी पानात वाढायच्या, इनास केळीचा फणा सोबत द्यायचा. दर वेळी ओठांवर आलेलं मी घासाबरोबर गिळलं. तोवर आवाजाच्या कामात माझं नाव झालं होतं, लोक विरार-पालघरहून बोलवायला यायचे. इनास चर्चमध्ये बाकांपाशी सगळ्यांच्या घोळक्यात उभा राहून गायचा, पण पुढे येऊन एकट्याने माइकवर गा म्हटलं की हसून मागे सरायचा. "माझा हात वाईट आहे," म्हणायचा. एका नाताळात त्याने तो तळहात उलटासुलटा करून दाखवला आणि म्हणाला, "मशीनवर चुकत नाही रे हा. माइकवरच का चुकला?" मी म्हणालो, "जाऊ दे ना आता." त्याचे वडील गेले, त्यांच्या अंत्यविधीलाही मी होतो. तिथेही बोललो नाही.

गेल्या वर्षी इनासच्या फुप्फुसांचं दुखणं वाढलं. बोलताना धाप लागू लागली, तेव्हा मात्र मला झोप लागेना. एका सकाळी गेलो. तो ओट्यावर उशीला टेकून बसला होता. मी सुरुवात केली ती माइकच्या जातींपासून. कुठला कुठून ऐकतो, मॉनिटर कुठे असावा, दुकानदाराने कसं अर्धवट सांगितलं, त्या काळी आम्हाला शिकवणारं कुणी कसं नव्हतं. हातवारे करून सगळं समजावलं. इनासने विचारलं, "हे तुला कळलं कधी?"

"त्याच वर्षी. दिवाळीनंतर."

"म्हणजे बाबा होते तेव्हा."

"हो."

त्याची धाप वाढली. आतून मार्थावहिनी धावत आल्या. त्याने त्यांना हातानेच थांबवलं. "बाबा जाईपर्यंत मला सांगत होते, तू चर्चमध्येच गा, तिथे तुला माइक लागत नाही. माझी कीव करत गेला तो माणूस. आणि तू त्यांना खांदा द्यायला आलास..." पुढचं त्याला बोलता आलं नाही. श्वास जुळला तेव्हा एवढंच म्हणाला, "मॉनिटरची चूक, दुकानदाराची चूक. छान. जा आता, कोकण्या." ते "कोकण्या" पूर्वीसारखं नव्हतं.

त्यानंतर मी गेलो नाही. त्याने हाकललं होतं, ही एक नवी सबब मला मिळाली होती. काही आठवड्यांनी मार्थावहिनींचा फोन आला. "दिलीपभाऊ, हे तुमची वाट बघतायत असं खोटं नाही सांगणार. नाव काढलं तरी तोंड फिरवतात. पण तुम्ही या. नंतर तुम्हालाच जड जाईल." मी अर्धी रजा टाकून निघालो. इनास आतल्या खोलीत कॉटवर होता, नाकाला नळी, खूप वाळलेला. मला बघून म्हणाला, "काय... दुसरा मॉनिटर आणलास?" मार्थावहिनी बाहेर जायला निघाल्या. मी म्हटलं, वहिनी, थांबा, तुम्हीही ऐका. बसायला स्टूल होतं, पण मी उभाच राहिलो. या वेळी काही समजावून सांगायचं नाही, एवढंच ठरवून आलो होतो.

"इनास, तुझ्या हातात कधीच दोष नव्हता. तू सांगितलेला माइक बरोबर होता. मी ऐकलं नाही. लोक माझ्याकडे बघायला लागले म्हणून मी घाबरलो आणि तुझ्या बाबांसमोर तुझं नाव पुढे केलं. ते जिवंत असताना मला खरं कळलं होतं, तरी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्यापुरतं मला आता काही करता येणार नाही. तू मला माफ केलं पाहिजेस असंही मी म्हणत नाही. पण मी तुझी माफी मागतो."

इनासने या वेळी तोंड फिरवलं नाही, माफ केलं असंही म्हणाला नाही; आता हे लिहितोय ते सावंतांना आणि तबलजीलाही खरं कळावं म्हणून.