स्वल्प पाणी

बोटाचं पेर वाजवायचं आणि कान लावायचा, ही अण्णांची सवय. कलिंगडावर सगळेच वाजवतात, ते एक ठीक आहे. अण्णा दारावर, दुधाच्या कॅनवर, नव्या कुकरवर, रिक्षाच्या टपावर आणि एकदा माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटवरही वाजवून गेले. टक टक. मग मान तिरकी करून क्षणभर ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "सरी आहे." कन्नडमध्ये सरी म्हणजे ठीक. आवाज पसंत पडला नाही तर काही बोलायचे नाहीत, नुसते ओठ आवळायचे. ते ओठ आवळलेले दिसले की आमच्या गल्लीतला फळवाला न सांगता कलिंगड बदलून देई.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळुरूला आले आणि राजाजीनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागले. खाली अण्णा आणि काकू, दोघंच. घराणं मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं की महाराष्ट्रात नातेवाईक म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला ते अक्का म्हणत. पहिल्याच सकाळी काकू म्हणाल्या, "संप भरला की मोटर बंद कर हं." मी दचकून विचारलं, "कुणाचा संप?" इथे जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीला संप म्हणतात, हे मला कळेपर्यंत अंगणात तळं झालं होतं. काकू हसून हसून पायरीवर बसल्या.

अंगणात गाडी उभी करायच्या जागेत गाडी नव्हती, होडी होती. पांढरी, फायबरची, चार माणसं बसतील एवढी, चाकांच्या गाड्यावर ठेवलेली. ज्या शहरात टँकरची वाट बघत लोक बादल्या मांडून बसतात, तिथे एका माणसाने होडी पाळली होती.

"अण्णा, इथे समुद्र कुठाय?"

"समुद्र कशाला पाहिजे अक्का? तळी आहेत की."

"ती आटलीत."

"पाणी येतं, पाणी जातं. होडी तयार पाहिजे."

अण्णांचा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत फायबरचा छोटा कारखाना होता. पाण्याच्या टाक्या, रसायनांचे हौद असलं काय काय तिथे व्हायचं. "जन्मभर पाणी आत ठेवायच्या वस्तू केल्या," ते सांगत, "म्हटलं, एक तरी पाणी बाहेर ठेवणारी करावी." तीच ही होडी. पहिल्यांदा काकूंना तीत बसवलं तेव्हा काकूंनी दोन्ही हातांनी काठ धरला, डोळे मिटले आणि एकच जप लावला, "स्वल्प, स्वल्प." म्हणजे थोडंच, लांब नको. तेच नाव होडीला पडलं. एका अंगाला कन्नडमध्ये आणि दुसऱ्या अंगाला मराठीत, अण्णांच्या हाताने रंगवलेलं: स्वल्प. माझ्या पुणेरी डोक्यात स्वल्प हा शब्द तोवर फक्त विरामाच्या आधी येत होता. इथे तो मीठ किती, लांब किती, दुखतं किती, सगळ्यालाच उत्तर म्हणून चालतो.

मी राहायला गेले तेव्हा शहराबाहेरचं त्यांचं आवडतं तळं कित्येक वर्षं कोरडं पडलेलं होतं. त्याने अण्णांच्या रविवारात काही फरक पडला नव्हता. रविवारी ताडपत्री निघायची. होडी साबणाच्या पाण्याने धुवायची, मेण लावायचं, दोर उन्हात घालायचे आणि त्यांचा पीळ तपासायचा. इंजिन पिंपातल्या पाण्यात बुडवून चालवायचं. त्या फटफटीने समोरच्या घरातली माणसं खिडक्या लावून घेत. एकदा ते पिंपातलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून अण्णांनी काकूंच्या कर्दळीला घातलं, आणि तेल-पेट्रोल पिऊन ती बिचारी आठवड्यात गेली. जीवरक्षक जॅकेटं तरंगतात की नाही हे ते संपात टाकून बघत. "त्याच पाण्याचा चहा प्यायचाय आपल्याला," असं काकू आतून ओरडत.

सगळ्यात मोठा सोहळा बुचाचा. होडीच्या मागच्या अंगाला तळाशी एक भोक असतं. होडी जमिनीवर असली की त्याचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे आत पडलेलं पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात घालताना मात्र आधी बूच, मग बाकी सगळं. वादळाने बुडतात त्याहून जास्त होड्या विसरलेल्या बुचाने बुडतात, असं अण्णांचं ठाम मत. हा प्रश्न त्यांनी घरातल्या प्रत्येक गोष्टीला लावला होता. मी स्कूटर बाहेर काढली की फाटकातून आवाज यायचा, "बूच?" म्हणजे हेल्मेटचा पट्टा लावला का. काकू देवळात निघाल्या की, "बूच?" म्हणजे गॅस बंद केला का.

आणि शेवटी होडीवर वाजवणं. फायबरच्या दोन थरांमध्ये पाणी शिरलं की वरून काही दिसत नाही. रंग तसाच, चकाकी तशीच. चांगला भाग टणटणीत बोलतो आणि पाणी शिरलेला भाग भद्द बोलतो. अण्णा टोकापासून मागपर्यंत वाजवत जात आणि मी जिन्यात चहा पीत तो आवाज ऐकत बसे. इतकं निरुपयोगी आणि इतकं सुखाचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. हे मी हसत सांगते आहे खरी, पण पुढचं सांगायचं म्हणजे जिवावर येतं.

त्या वर्षी पाऊस थांबेना. शहर बुडालं, सगळे हैराण झाले, आणि अण्णा एका सकाळी माझं दार वाजवून (टक टक, सरी) म्हणाले, "अक्का, तळं भरलं म्हणून सांगतात."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, इतका तो उजळला होता. पाऊस ओसरला की एका रविवारी जायचं ठरलं. मीही येणार होते. अंगणात तयारीला जोर आला.

याच दिवसांत काकू जिन्याच्या चार पायऱ्या चढून थांबू लागल्या होत्या. मला डबा द्यायला येत आणि कठड्याला धरून उभ्या राहत. रात्री आडवं झालं की खोकला येतो म्हणून उशा रचून बसून झोपतात, हे त्यांनीच मला सांगितलं. पायातल्या चपला बदलून त्या अण्णांच्या जुन्या सपाता घालू लागल्या होत्या. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला, आत्ता चला. तर म्हणाल्या, "आत्ता नको गं. आत्ता डॉक्टरचं काढलं की हे होडी परत झाकून ठेवतील. किती वर्षांनी पाणी आलंय. जाऊन येऊ, मग दाखवू."

मी ते ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर अण्णांना सांगितलं की काकूंना दम लागतोय.

अण्णा वळले. "होय? दम लागतो तुला?"

"स्वल्प," काकू म्हणाल्या.

"स्वल्प काय, सगळ्यांनाच लागतो," अण्णा म्हणाले आणि दोराकडे वळले. एका शब्दाने प्रश्न मिटला. त्या घरात तो शब्द नेहमीच चाले, कुणी त्याच्या आत काय आहे ते बघत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी काकूंना जॅकेट घालून बघितलं. पट्टा पुरेना. गेल्या खेपेच्या खुणेपर्यंत तो येतच नव्हता. अण्णांनी पट्टा काढून उजेडात धरला, ताणून पाहिला, नखाने त्याची वीण तपासली. "ऊन लागून आखडलाय," ते म्हणाले. मग बसून त्यांनी त्याला नवा तुकडा जोडला, दुहेरी शिवण घातली, ओढून ओढून पक्की केली. काकू समोर खुर्चीत बसून होत्या, सुजलेल्या, श्वास मोजून घेत, आणि नवऱ्याच्या शिवणीकडे कौतुकाने बघत. मला अजून ती खुर्ची, तो पट्टा आणि अण्णांची वाकलेली मान दिसते आणि संताप येतो. कुणावर काढावा ते कळत नाही.

तळं खरंच भरलं होतं. सकाळचं ऊन होतं, काठच्या बाभळी अर्ध्या पाण्यात उभ्या होत्या. तिथल्या माणसांशी अण्णांची जुनी ओळख होती, त्यांनी हात लावून होडी उतरवली. बूच तीनदा बघितलं गेलं. "एक हात होडीला, एक हात स्वतःला," अण्णांनी मला बजावलं. "उभं राहायचं नाही." मध्यावर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि एकदम इतकं शांत झालं की पाणी होडीच्या अंगाला लागताना ऐकू येऊ लागलं. माझ्या पायाशी ओल दिसली. मी घाबरले.

"अण्णा, पाणी येतंय आत."

"किती?"

"थोडं."

"स्वल्प पाणी प्रत्येक होडीत असतं अक्का. कोरडी होडी फक्त दुकानात." त्यांनी तेलाच्या कापलेल्या डब्याने ते उपसून टाकलं. आम्ही हसलो.

काकूंनी काठ धरला नव्हता. एक हात पाण्यात सोडून त्या बसल्या होत्या, ओठ जरा निळसर, चेहरा मात्र लग्नातल्या मुलीसारखा. खोकला आला की तोंड दुसरीकडे वळवत. अण्णांनी विचारलं, "परत फिरायचं?"

"स्वल्प अजून," काकू म्हणाल्या.

इतकी वर्षं हा शब्द त्यांनी थांबायला वापरला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आणखी मागितलं. अण्णांना केवढा आनंद झाला! त्यांनी पुन्हा इंजिन सुरू करून एक मोठा फेरा घेतला. त्या आनंदाबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. देव असलाच तर त्याला देते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना श्वासच घेता येईना. मी रिक्षा आणली. दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. तिने काकूंना पुढे वाकवून बसवलं, पाठीवर डाव्या हाताचं बोट आडवं ठेवलं आणि त्यावर उजव्या हाताच्या बोटाने वाजवलं. टक टक. वर चांगला आवाज आला. ती खाली खाली येत गेली. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांची मान तिरकी झाली होती. मग त्यांचे ओठ आवळले गेले.

डॉक्टर म्हणाली, हृदय थकलंय, पाणी साठलंय, थोडं आधी आणायला हवं होतं.

"थोडं म्हणजे किती?" अण्णांनी विचारलं.

"थोडं," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार बिचारी.

बाहेर जिन्यात अण्णा भिंतीला टेकून खाली बसले. "मी ऐकलं ना अक्का. ती बोलायच्या आधी ऐकलं. भद्द. एवढा मोठा आवाज. ह्या हाताने गल्लीतलं सगळं वाजवलं, कलिंगडं वाजवली. हिची पाठ कधी वाजवली नाही." मी त्यांचा हात धरला. काकू त्या आठवड्यातच गेल्या.

नंतर माणसं आली, तिच्या मनासारखं झालं, शेवटची हौस फिटली, असं सांगून गेली. अण्णा सगळ्यांना "सरी, सरी" म्हणत. मी रोज खाली जेवण नेऊन देई. माझी स्कूटर निघताना फाटकातून आवाज येईना. मी मुद्दाम पट्टा न लावता थांबून पाहिलं. ते बघत होते, पण काही म्हणाले नाहीत.

पुढे मी ऑफिसजवळ इंदिरानगरात राहायला गेले आणि अण्णा गेल्याचं मला फोनवरच कळलं. पण मला आठवतात ते त्याआधीच्या पावसाळ्यातल्या एका दुपारचे. मी भेटायला गेले होते. ताडपत्री भिंतीशी गुंडाळून पडली होती. होडी उघडी होती आणि काठोकाठ पाण्याने भरली होती. आपोआप ती भरणं शक्य नव्हतं. जमिनीवर असलेल्या होडीला कुणीतरी बूच लावलं होतं, आणि त्या घरात बूच लावणारा एकच माणूस होता. दोन्ही नारिंगी जॅकेटं पाण्यावर तरंगत होती. एकाच्या पट्ट्याला जोडलेला तुकडा अजून पक्का होता. गाड्याची चाकं वजनाने चेपली होती.

अण्णा पायरीवर बसले होते, काकू बसायच्या तिथे.

"अण्णा, होडी भरलीय."

"स्वल्प."

"बूच काढू का?"

"नको." त्यांनी हनुवटीने त्या पाण्याकडे खूण केली. मग म्हणाले, "टाक्याच केल्या की मी जन्मभर. ही पण टाकीच."

मी होडीपाशी गेले आणि का कोण जाणे, तिच्या अंगावर बोटाचं पेर वाजवलं. आवाज कसा आला ते मी सांगत नाही. वळून पाहिलं, तर अण्णांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते आणि मान सरळ ठेवली होती.