पाणी पिणारा मुरूम

माझं काम ऐकायला सोपं आहे. लोखंडी कडं जमिनीत ठोकायचं, त्यात पाणी भरायचं आणि ते किती वेळात मुरतं ते पट्टीने मोजायचं. सांगलीच्या काळ्या रानात मात्र या कामाने जीव नकोसा होतो. पाणी ढिम्म हलत नाही. संडासाचे शोषखड्डे तुंबून वर येतात आणि मी नाकाला रुमाल लावून त्या घाणीच्या कडेला उकिडवा बसतो. घरी गेलो की बायको आधी न्हाणीत पिटाळते.

त्यामुळे खंडाळ्याच्या थोरल्या आतेभावाने, दादाने, बोलावलं तेव्हा बरं वाटलं. फौजेतून आल्यावर दादाने हायवेलगत भाड्याच्या खोल्या काढायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी घरामागे आणखी मोठा शोषखड्डा हवा होता. जुना खड्डा त्याने कौतुकाने दाखवला. म्हणे, केल्यापासून एकदाही उपसावा लागला नाही. त्याच्या शेजारीच कडं ठोकलं. सगळा तांबडा मुरूम. पाणी ओततोय तोवर गायब. पुन्हा ओतलं, पुन्हा गायब.

"हाय का न्हाई रान? कितीबी घाल गड्या, पिऊन टाकतंय," दादा म्हणाला.

मी उताराकडे पाहिलं. खाली हाकेच्या अंतरावर विहीर होती आणि विहिरीला लागून त्याच्या धाकट्या भावाचं घर. इतक्या वेगाने पाणी गेलं तर मुरमात घाण गाळली जात नाही, ती तशीच विहिरीत उतरते, हे मी त्याला समजावलं. तो दचकेल असं वाटलं होतं. आम्ही कधीपासून जारचं पाणी आणतो, एवढंच तो म्हणाला आणि नवा खड्डा किती खोल घ्यायचा ते विचारू लागला. मला त्या माणसाची शिसारी आली.

कडं तिथेच टाकून खाली गेलो. धाकट्याची बायको दारातच होती. पाहुणा आला म्हणून तिने तांब्या पुढे केला. लेकीचं पोट सारखं बिघडतंय, औषधाने गुण येत नाही, असं सांगत होती. पाणी नितळ होतं, गारही होतं. मी ते तोंडाला लावलं नाही. विहीर दोघा भावांत सामाईक होती ना, असं मी विचारलं.

तिचा चेहरा उजळला. "व्हय, पण त्यांच्या संडासाचं काम झालं, त्याच दिवाळीत थोरल्यांनी आपला हिस्सा सोडला. म्हणाले, समदं पाणी तुमालाच ऱ्हाऊ द्या. एवढं मोठं मन कुणाचं असतंय, भावजी?"

मी तांब्या अंगणात पालथा केला आणि तिला सगळं सांगितलं. सांगत असतानाच वरून दादाची हाक आली, चहा झालाय म्हणून. जारच्या पाण्याचा असणार.