वेंधळी म्हणायचे मी आईला

"हिला घेऊन जा आधी! पाहुण्यांसमोर शोभा केली माझी."

बंगल्याच्या बाईंनी आईच्या हातातला ट्रे ओढून घेतला. चहात साखरेऐवजी मीठ. दुसऱ्यांदा. एक पाहुणा हसला, "पिऊन आली का काय?"

मी तिथंच फरशी पुसत होते. उठले, सगळ्यांदेखत आईचा दंड हिसडला. "वेंधळे, लाज आणलीस मला."

हे बाई नाय बोलल्या. मी बोलले. पोटची लेक.

आम्ही सिल्लोडकडचे मेंढरंवाले. दुष्काळात कळप विकून शहरात आलो. नव्या बंगल्यांत धुणीभांडी धरली. एकेक मेंढरू नुसत्या आवाजावरून ओळखणारी आई आता आमची गल्ली चुकायची. मला वाटायचं, कामाचा कंटाळा करती. एकदा ढकललंही तिला.

मग बाईंच्या सासूबाई नातवाचं नाव विसरल्या. लगेच गाडी निघाली. त्यांचा हात धरायला मला सोबत नेलं. डॉक्टर विचारत होते, "ओळखीचा रस्ता चुकतात का? स्वयंपाकात गडबड होते का?"

सासूबाईंचं उत्तर 'नाय' होतं. माझ्या आईचं 'व्हय' आलं असतं. दोन्हीला.



बंगल्यावर परतल्यावर बाईंना म्हणाले, "उद्या सुट्टी द्या. आईला तपासायचंय."

बाई हसल्या. "तिला अक्कल होती कधी, जायला?"

आजवर त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता. दिला. "अक्कल होती. हा आजार असंल. तुमच्यात डॉक्टर, अन् आमच्यात शिव्या?"

फडकं तिथंच टाकलं. निघाले.

सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. स्मृतिभ्रंशच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेलं परत आणता येत नाही. लवकर आणलं असतं तर आहे ते जास्त दिवस सांभाळता आलं असतं. कधीपासून होतंय हे?"

"दोन वरसं."

"मग इतके दिवस काय केलं?"

आईच मधी पडली. "तिला नका बोलू, बाई. मीच वेंधळी हाय."

जमीन दुभंगावी असं वाटलं.

आता वस्तीत कुणी म्हणालं, म्हातारी चळली, की मी त्या दारात जाते. सुना तोंडावर दार लावतात. लेक म्हणतात, तू कोण? मी हलत नाय. आईला मी काय काय बोलले, कसं ढकललं, ते सगळं उघड सांगते. सांगताना मान खाली जाते. जाऊ दे. पण त्या म्हातारीला तपासायला नेल्याबिगर मी त्या दारातून उठणार नाय.