आमच्या दाराशी न थांबणारी गाडी

माझा दादा सोफे करायचा. दुसऱ्यांना आरामात बसवणं हा त्याचा जन्मभराचा धंदा, आणि शेवटची दोन वर्षं त्याला स्वतःला धड आडवं होता आलं नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, "काय करणार, नशीब!" नशीब कसलं डोंबलाचं!

नवीन खुर्ची झाली की स्वतः बसून बघितल्याशिवाय तो ती दुकानाबाहेर जाऊ देत नसे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचा, "थांबा हो, खुर्ची तुमची असली तरी परीक्षा माझ्या बुडाची आहे." तोंडात बारीक खिळे धरून बोलायची सवय, त्यामुळे अर्धं कळायचंच नाही, तरी लोक हसायचे. चिडणं त्याला कधी जमलं नाही. आमच्या आईने दोघांच्या वाट्याचा राग मला एकटीलाच दिला. त्यात मी बस डेपोच्या तिकीट खिडकीवर नोकरी केली, म्हणजे तो राग रोज वापरातही राहिला.

दादाला हार्ट अ‍ॅटॅक आला, त्यातून तो वाचला, पण हृदय दमलं ते दमलंच. आमच्या वॉर्डातल्या महापालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "पंप जरा कमजोर झालाय. मीठ कमी करा, पाणी मोजून द्या, गोळ्या चुकवू नका." जरा म्हणे! पाय इतके सुजले की चपलेत मावेनात. वहिनीने चपलांचे पट्टे कापले. आडवं झालं की त्याचा श्वास कोंडायचा आणि तो धडपडत उठून बसायचा. शेवटी त्याने स्वतःसाठी फोमचं एक उतरतं टेकण शिवलं. अधूनमधून त्याखाली आणखी एक थर घालायचा. होता होता टेकण इतकं उभं झालं की झोपणं आणि बसणं यात फरकच उरला नाही.

फारच झालं की मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. तिथे इंजेक्शनं देऊन अंगातलं पाणी काढायचे आणि घरी पाठवायचे. की पुन्हा आपले पहिले पाढे पंचावन्न. एकदा तिथून परत आल्यावर दादाने माझा हात धरला. म्हणाला, "आता मला तिकडे नेऊ नका. आणि मला खरं सांग, मी असा गुदमरूनच जाणार का गं?"

मी काय सांगणार? गेले डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "हार्टचं असं सांगता येत नाही हो. आज वाईट, उद्या बरं. तुम्ही त्यांना धीर द्या." धीर काय मेडिकलच्या दुकानात मिळतो?

आता पुढचं ऐका. आमच्या शेजारच्या मास्तरीणबाईंना कॅन्सर होता. त्यांच्याकडे दर आठवड्याला एक पांढरी गाडी यायची. गाडीतून एक सिस्टर उतरायच्या, बाईंच्या उशाशी बसून काय दुखतं, काय खुपतं ते विचारायच्या, औषध द्यायच्या, मुलाला आईची कूस कशी बदलायची ते दाखवायच्या. गल्लीत सगळे तिला कॅन्सरची गाडी म्हणत. एकदा मास्तरीणबाईच मला म्हणाल्या, "अगं, मला दम लागत होता, त्याला यांनी औषध दिलं. बराच उतार पडला. तुझ्या दादाला का नाही देत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका भिंतीपलीकडच्या दमाला औषध, आणि अलीकडच्याला धीर!

पुढच्या खेपेला मी सरळ गाडीच्या आडवी उभी राहिले. ड्रायव्हर ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा!"

"नाही होत. आधी माझ्या भावाला बघा, मग जा कुठे जायचं ते."

सिस्टर खाली उतरल्या. म्हणाल्या, "ताई, मी आत्ता आले असते. पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला कुणाला औषध देता येत नाही. आणि हार्टचे पेशंट आमच्याकडे कुणी पाठवतच नाही."

"तुम्ही बसता तरी कुठे?"

"वॉर्डातल्या दवाखान्यात. डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी त्याच गाडीत चढून बसले. "चला," म्हटलं.

डॉक्टर आम्हा दोघींना बघून गडबडले. म्हणाले, "अहो, ती गाडी शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांसाठी असते. नुसतं नाव ऐकून खचतील ते."

सिस्टरांनी आवाज चढवला नाही. "सर, एकच विचारते. हे पेशंट वर्षभरात गेले, तर तुम्हाला आश्चर्य वाटेल?"

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नाही. नाही वाटणार."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी एवढ्या जोरात बोलले की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात आली. "कमजोर, कमजोर म्हणत आम्हाला झुलवत ठेवलंत, आणि तुम्हाला माहीत होतं!"

"खरं सांगितलं की माणसं तुटतात हो."

"आणि न सांगता काय सुखात असतात?"

त्यांनी चिठ्ठी लिहिली. सिस्टर दुपारीच आल्या. हृदयाच्या गोळ्या आहेत तशाच चालू राहतील, हे औषध त्यांच्या जोडीला, असं त्यांनी वहिनीला समजावलं. दम कमी करायला मॉर्फिन दिलं, अगदी थोडं. हातात धरायचा छोटा पंखा तोंडासमोर कसा फिरवायचा ते दाखवलं. पाय सुजायला लागले की हॉस्पिटलात धावायचं नाही, आधी फोन करायचा, लघवीची गोळी किती वाढवायची ते डॉक्टरांना विचारून त्या सांगणार. मग दादाने त्यांना तेच विचारलं, जे मला विचारलं होतं.

सिस्टरांनी नजर चुकवली नाही. "तुमचं हृदय आता सुधारणार नाही. दम लागेल. पण तो कमी करता येतो, आणि ते कसं करायचं हे मी घरच्यांना शिकवणार आहे. तुम्हाला गुदमरत ठेवणार नाही."

वहिनीच्या डोळ्यांना धार लागली. दादा म्हणाला, "रडतेस काय वेडे! इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्याशी माझ्याबद्दल बोललं."

त्या आठवड्यात दादा झोपला. टेकणावरच, पण झोपला. चक्क घोरला! मी आणि वहिनी दारात उभ्या राहून ते घोरणं ऐकत होतो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या दुप्पट संताप आला. औषध त्याच दवाखान्याच्या कपाटात होतं आणि माझा भाऊ रात्र रात्र बसून काढत होता.

पुढे जेमतेम उन्हाळा सरला. दादा रिक्षाने दोन-तीनदा दुकानात जाऊन आला, कारागिरांच्या चुका काढून आला, मजेत होता. मग एका सकाळी त्याचा दम वाढला. वहिनी अँब्युलन्सला फोन करायला निघाली, तर त्याने मान हलवून नको म्हटलं. सिस्टर फोनवर सांगत गेल्या, मी औषध दिलं, वहिनीने पंखा धरला. श्वास हळूहळू संथ झाला, आणि तो वहिनीच्या खांद्याला टेकून गेला. गुदमरला नाही.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले. "शांतपणे गेले, हे फार चांगलं झालं," म्हणाले.

"गेला शांतपणे," मी म्हटलं. "पण दोन वर्षं श्वासासाठी तडफडला, ती वर्षं आता कुणी भरून द्यायची?"

ते खुर्ची ओढून बसायला लागले. मी म्हटलं, "इथे बसू नका, डॉक्टर. तुमच्या दवाखान्यातल्या बाकावर सुजलेल्या पायांची माणसं बसली असतील. जा, आणि त्यांना आजच खरं सांगा."