कडी नसलेलं दार

धानकापणीच्या दिवसांत गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्याच्या हवेला ओल्या तणसाचा गोडसर वास येतो. त्या हिवाळ्यात आमच्या अंगणात त्यात साबणाचाही वास मिसळलेला असे. माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या, सृष्टीच्या, चड्ड्या दोरीवर वाळत, कधी तीन, कधी चार, आणि कोवळं ऊन त्यांच्यातून आरपार जाई. मला सगळं लिहून ठेवायची सवय; चड्डी किती वाजता खराब झाली, तेही मी वहीत टिपत होतो. डाग पातळ, म्हणून ही हगवण असं मीच ठरवलं, आणि तिचं पाणी कमी करून मऊ भात नि केळी सुरू केली. डाग वाढले, तेव्हा तिला आळशी म्हणालो.

"काऊन रागावून राहिले जी? मुद्दाम करते का ती?" बायको म्हणाली.

गोंदियाच्या डॉक्टरबाईंनी सृष्टीचं पोट हलकेच दाबून पाहिलं, माझी वही चाळली. "हिसाब पक्का है, भाऊ, पण निदान उलटं. हे बद्धकोष्ठ आहे. कडक मळ आत साचलाय, त्याच्या कडेनं पातळ झिरपतो. आतडं इतकं ताणलंय की तिला कळतही नाही. पाणी तोडून तुम्ही ते आणखी घट्ट केलं." मग तिच्याकडे वळून, "शाळेत संडासला नाही जात, बेटा?"

"कडीच नाही तेथी. पोरी दार लोटून हासतेत."

माझ्या वहीत वेळ होती, तारीख होती. हा प्रश्न मात्र कुठेच नव्हता.

मग औषध, भरपूर पाणी, आणि रोज जेवणानंतर घरच्या कमोडवर, पाटावर पाय टेकवून, दहा मिनिटं बसणं. झरोक्यातलं ऊन भिंतीवरून सरकत असे आणि आतून पाढे ऐकू येत. मी दाराशी घुटमळलो की आवाज येई, "अजून चार मिनिटं हायेत, पप्पा. घाई नोका करू." मधेच पुन्हा डाग पडले. तिनं चड्डी स्वतः भिजत टाकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाट ओढला. इतक्या धीरानं मी आयुष्यात काही केल्याचं मला आठवत नाही.

शाळेनं कडी लावायचं कबूल केलं होतं, महिने गेले. मोहाच्या फुलांचा दरवळ सुटला तेव्हा मीच एक कडी आणि चार स्क्रू खिशात घालून मधल्या सुट्टीत शाळेत गेलो. संडासाच्या दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून, सृष्टी उभी होती.

"तेथीच थांबा, पप्पा. आत पहिलीतली पोरगी हाय."

मी उन्हात थांबलो. खिशातली कडी हाताला तापल्यासारखी लागत होती, आणि दार मात्र केव्हाचंच नीट लागलेलं होतं.